कंप्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही: दर पावसाळ्यातली तक्रार आणि नवा घेतानाचा हिशेब

श्रावण लागला की माझ्या पुतण्याचा फोन ठरलेला. "काका, कंप्रेसर परत बसला."

तो नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहतो. नोकरी सांभाळून घरच्या घरी शाडूच्या गणपतींना रंग देतो, वर्षाला पंधरा-वीस मूर्ती. हवेने रंग फवारणाऱ्या एअरब्रशसाठी त्याने २४ लिटर टाकीचा, १ एचपीचा, बिनतेलाचा छोटा कंप्रेसर घेतला. पहिल्या वर्षी तक्रार नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात मोटर नुसती "हुंऽऽ" करून घुमायची आणि दोन-तीन सेकंदांत ओव्हरलोडचं लाल बटण उडायचं. मिस्त्रीने मोटरला सुरू होताना धक्का देणारा कपॅसिटर बदलला. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी दुसरा कपॅसिटर. यंदा त्यात पाण्याची भर पडली. पितांबराचा पिवळा मारता मारता एअरब्रशने एक थेंब थुंकला, तो सोंडेवर पडला, शाडूने पिऊन घेतला आणि तेवढ्या जागेचा रंग फुगून वर आला. शाडू ओली झाली की वाळेपर्यंत त्या मूर्तीला हात लावता येत नाही. चतुर्थी आठ दिवसांवर असताना हे परवडत नाही.

मी सातपूरच्या कारखान्यांत सव्वीस वर्षं मेंटेनन्स केलं. तिथले कंप्रेसर खोलीएवढे असतात आणि हा काखेत मावणारा, पण दोघांचं दुखणं एकाच जातीचं. ओळखीतल्या दहा-बारा जणांचे छोटे कंप्रेसर आजवर बघितले. त्यातल्या बहुतेकांची मोटर ठणठणीत होती. दोष एक तर वापरण्याच्या पद्धतीत निघाला, नाहीतर घेतानाच हवेचा हिशेब चुकलेला होता. म्हणून आधी बिघाड कसा शोधायचा ते सांगतो. नवा घ्यायचा तर काय बघायचं ते त्यातूनच कळेल.

घुमतो पण उचलत नाही

पुतण्याकडे गेलो तेव्हा कंप्रेसर इमारतीच्या पार्किंगमध्ये होता. एरवी तो पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत काम करतो, गीझरसाठी काढलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. पावसाळ्यात गॅलरीत झड येते म्हणून सगळं बिऱ्हाड खाली हलतं. मग वरून वीस मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड सोडायचा. वायर हातात घेतली, तिच्यावर ०.७५ छापलेलं. दर पावसाळ्यात मोटर का बसते, याचा अर्धा उलगडा तिथेच झाला.

हिशेब सोपा आहे. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. वीस मीटर जायला, वीस यायला, म्हणजे चाळीस मीटर, म्हणजे साधारण १ ओहम. एक एचपीची मोटर फिरायला लागली की चार-पाच अँपिअर घेते, पण उचलताना क्षणभर त्याच्या पाचपट घेते. २५ अँपिअर धरले तर २५-२६ व्होल्ट त्या वायरीतच मरतात. संध्याकाळी बोर्डात मल्टीमीटर लावला तर २०७ व्होल्ट होते. मोटरपर्यंत पोचले १८०. आणि मोटरची उचलायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० ऐवजी १८० मिळाले तर ताकद साठ टक्क्यांवर येते. रिकामी टाकी असेल तर तेवढ्यावरही मोटर उचलते. पण टाकीत पाच-सहा बार (बार हे दाबाचं माप) असताना दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, डोक्यावरही तेवढीच हवा अडकलेली असेल तर त्याला पहिला फेराच पुरा करता येत नाही.

उरलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक मी जवळपास प्रत्येक घरात बघितली आहे. पुतण्या कंप्रेसर भिंतीच्या बटणाने बंद करायचा.

कंप्रेसरचा प्रेशर स्विच म्हणजे टाकीवरची ती काळी डबी, जिच्यावर लाल किंवा काळा खटका असतो. टाकी भरून मोटर आपोआप थांबते तेव्हा "फुस्स" असा सेकंदभराचा आवाज येतो. तो आवाज यायलाच पाहिजे, तो निरोगीपणाचा आवाज. हेडपासून, म्हणजे दट्ट्याच्या वरच्या भागापासून, टाकीपर्यंत जो पाइप जातो त्याच्या टोकाला एनआरव्ही असतो, म्हणजे हवा फक्त टाकीकडे जाऊ देणारी झडप. मोटर थांबल्यावर त्या पाइपात, दट्ट्याच्या डोक्यावर, दाबलेली हवा अडकून राहते. प्रेशर स्विच बंद होताना आतला छोटा अनलोडर ती अडकलेली हवा बाहेर सोडतो. पुढच्या वेळी मोटर मोकळ्या डोक्याने सुरू होते.

आता चालू मोटर भिंतीच्या बटणाने बंद केली तर? प्रेशर स्विचला काही कळतच नाही. त्याच्या दृष्टीने तो अजून चालूच आहे, त्यामुळे अनलोडर उघडत नाही आणि फुस्स होत नाही. पाच मिनिटांनी भिंतीचं बटण दाबलं की मोटर थेट त्या अडकलेल्या हवेवर जाऊन आपटते. घुमते, तापते, लाल बटण उडतं. वीज गेली तरी नेमकं हेच होतं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज एकदाच जाते असं कुठे आहे? जाते, येते, पुन्हा जाते.

पुतण्यासमोर करून दाखवलं. चालू मोटर भिंतीवरून बंद केली: आवाज नाही. परत चालू केली: हुंऽऽ. लगेच बंद करून डबीवरचा खटका बंद केला: फुस्स. आता भिंतीचं बटण चालू, मग खटका चालू. मोटर उचलली, त्याच लांब वायरीवर, चार बार हवा टाकीत असताना. तो बघतच राहिला. दोन कपॅसिटर विनाकारण गेले होते.

मिस्त्रीचाही फार दोष नाही. दुकानात न्यायला म्हणून टाकी रिकामी केलेली असायची, दुकानात जाड वायरीचं सॉकेट. तिथे तो कंप्रेसर पहिल्या झटक्यात उचलायचाच. कपॅसिटर बदलला आणि चालला, म्हणजे कपॅसिटरच गेला होता, असा समज होणं साहजिक आहे. म्हणून सांगतो, यंत्र दुकानात न्यायच्या आधी जिथे बिघडतं तिथेच तपासा.

तुमचाही कंप्रेसर असाच घुमत असेल तर मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम असा. प्लग काढा. डबीवरचा खटका बंद करा आणि कान द्या. फुस्स झालं तर हवाच अडकलेली होती. आता टाकी पूर्ण रिकामी करा, एक्स्टेन्शन बाजूला ठेवा, कंप्रेसर उचलून सरळ १६ अँपिअरच्या सॉकेटपाशी न्या आणि चालू करा. उचलला तर मोटर आणि कपॅसिटर दोन्ही बहुतेक ठीक आहेत, दोष वायरीत किंवा सवयीत आहे. रिकाम्या टाकीवर, चांगल्या सॉकेटवरसुद्धा घुमतच राहिला, तर मात्र कपॅसिटर बघायचा. प्लग काढून, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज रोधकातून उतरवून, मगच त्याला हात लावायचा. हे काम पूर्वी केलं नसेल तर माहितगाराकडून करून घ्या. मीटरवर मायक्रोफॅरड छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवत असेल तर बदला. कपॅसिटर नीट असूनही घुमत असेल तर पंखा हाताने फिरवून बघा, अर्थात प्लग काढूनच. जड लागला किंवा अडकला तर बेअरिंग नाहीतर दट्ट्या धरला आहे, आणि ते घरी उघडण्याचं काम नव्हे.

चालू मोटर खटक्याने बंद केल्यावर फुस्स झालंच नाही, तर डबीला येणारी बारीक नळी दुमडली आहे का ते बघा. नसेल तर अनलोडरची पिन चिकटली आहे. उलट फुस्स सुरू झालं आणि थांबायचं नावच घेत नसेल, टाकी हळूहळू रिकामीच होत असेल, तर एनआरव्ही गळतोय. टाकीतली हवा मागे येऊन अनलोडरमधून जाते. लोक इथे प्रेशर स्विच बदलतात आणि गळती तशीच राहते. टाकी पूर्ण रिकामी करून, गेज शून्यावर आल्याची खात्री करून, एनआरव्ही उघडा. बहुतेकदा आत काजळी किंवा रबराचा बारीक कण अडकलेला असतो. पुसून बसवला की काम झालं. चकती खाल्ली गेली असेल तर नवा घाला, सातपूर-अंबडच्या पट्ट्यात असे सुटे भाग मिळतात.

वायरीचा उपाय एकच: विजेची वायर आखूड ठेवा, हवेची नळी लांब करा. पुतण्याचा कंप्रेसर आता पावसाळ्यातही वर गॅलरीच्या आतल्या बाजूला, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच असतो आणि खाली पार्किंगमध्ये येते ती फक्त ८ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) नळी. एअरब्रशला हवा इतकी थोडी लागते की पंधरा मीटर नळीने काही फरक पडत नाही. एक्स्टेन्शन लावावंच लागलं तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर, पूर्ण उलगडलेली, अर्थिंगसह. ओल्या जागेत अर्थिंग नसलेल्या मोटरला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

आमच्या साडूंचा अनुभव याच जातीचा पण कारण वेगळं. ते निफाडला, द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टर आणि ब्लोअरच्या चाकांत हवा भरायला शेडमध्ये तेलाचा, पट्ट्याचा कंप्रेसर ठेवलाय. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तो उचलत नाही, दुपारी निमूट चालतो. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पारा एक आकडी होतो, घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या थंडीत क्रँककेसमधलं तेल काकवीसारखं घट्ट होतं. साडूंनी वर आणखी एक गोष्ट केली होती: ट्रॅक्टरचं उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतलं होतं. कंप्रेसरला कंप्रेसरचंच तेल घालायचं, माहितीपत्रकात सांगितलेल्या ग्रेडचं. थंडीत सुरू करताना ड्रेन कॉक (टाकीच्या तळाची पाणी काढायची चावी) उघडा ठेवून रिकाम्या टाकीवर दोन मिनिटं फिरवायचा, तेल सैल झालं की कॉक बंद. त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही.

रंगात पाणी

आता त्या सोंडेवरच्या थेंबाकडे येतो. हे पाणी कुठून येतं हे नीट कळलं की फिल्टर कुठे लावायचा याचा गोंधळ राहत नाही.

पावसाळ्यात नाशिकची हवा समजा २५ अंश आणि ९० टक्के दमट आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा ८ बारपर्यंत दाबली की तिचं आकारमान नवव्या हिश्श्यावर येतं. दाबल्याने ती तापते, तोवर वाफ वाफच राहते. पण टाकीत आणि नळीत ती थंड होऊन पुन्हा २५ अंशांवर आली की तेवढ्याशा जागेत अडीच ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. बाकीचे १८ ग्रॅम पाणी होऊन खाली बसतात. पुतण्याचा कंप्रेसर पाऊण तास सलग चालला तर टाकीत दहा चमचे पाणी जमतं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हाच आकडा घनमीटरला तीन-चार ग्रॅमवर येतो, म्हणून जानेवारीत लग्नाच्या रुखवताच्या वस्तू रंगवताना त्याला हा त्रास कधी झाला नाही.

त्याने पाण्याचा सापळा, म्हणजे तो काचेच्या वाटीचा फिल्टर, लावलेला होता. पण थेट टाकीच्या तोंडाशी. तिथे हवा अजून कोमट असते. सापळा फक्त थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनते, तेही नेमकं एअरब्रशच्या मुठीपाशी. सापळा नळीच्या शेवटी लावायला पाहिजे.

आम्ही केलेली मांडणी अशी. टाकीतून निघालेली पीयू नळी सात-आठ वेढे घालून नळाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. बादलीतून बाहेर आली की सापळा. सापळ्यानंतर दाब कमी करणारा रेग्युलेटर. रेग्युलेटरनंतर एअरब्रश. इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण हवा जास्त दाबात असतानाच तिच्यातलं पाणी सहज सुटतं. ८ बारला पूर्ण ओली झालेली हवा सापळ्यात पाणी टाकून पुढे दीड बारवर आणली की ती पसरते आणि तिचा दमटपणा तीस टक्क्यांच्या खाली येतो. म्हणजे एअरब्रशमधून येणारी हवा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षा कोरडी! सापळा आणि रेग्युलेटर उलटे लावले तर हा फायदा हातचा जातो. बाजारात दोन्ही एकत्र जोडलेले मिळतात, त्यात क्रम बरोबर असतो, फक्त बाण बघून बसवा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सापळ्याच्या वाटीत बोटभर गढूळ पाणी होतं. पुतण्याने ते कुंडीत ओतलं आणि दोन मूर्ती एका बैठकीत पुऱ्या केल्या. ज्यांना लाकडावर पीयू पॉलिश किंवा गाडीवर लॅकर मारायचं आहे त्यांनी सापळ्यानंतर सिलिका जेलची नळीही लावावी. एअरब्रशपुरती मला ती गरजेची वाटत नाही.

आणि टाकीतलं पाणी रोज काढा. काम संपल्यावर एखादा बार हवा शिल्लक असताना खालचा ड्रेन कॉक उघडायचा, हवेच्या जोराने पाणी झटकून निघतं. पाणी तांबूस आलं तर आत गंज आहे. इथे मी कुणाचंच ऐकत नाही: गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचा ठिगळ लावायचा नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारायचं नाही. २४ लिटर टाकीत ८ बारला दाबलेली हवा फुटली तर पत्र्याचे तुकडे करून जाते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघा, हवा सुटली पाहिजे आणि सोडल्यावर बंद झाली पाहिजे. घरात हवेसाठी पांढऱ्या पीव्हीसी पाइपची लाइन टाकलेलीही बघितली आहे. पाण्याला तो पाइप चालतो. दाबलेल्या हवेने तडकला तर त्याच्या धारदार कपच्या गोळीसारख्या उडतात. पीयू किंवा रबरी नळीच वापरा.

हवा पुरत नाही

गणपती झाले आणि पुतण्याच्या सासऱ्यांनी ठरवलं की दिवाळीआधी बंगल्याचं लोखंडी गेट याच कंप्रेसरवर स्प्रेने रंगवायचं. गन आणली, जोडली, घोडा दाबला. सुरुवातीला झकास फवारा, मग रंग ठिपक्याठिपक्यांनी पडायला लागला. "कंप्रेसर बिघडला," असा पुन्हा फोन.

काही बिघडलं नव्हतं. त्या गनला ८ सीएफएम (मिनिटाला ८ घनफूट), म्हणजे मिनिटाला सुमारे २२५ लिटर हवा लागत होती. कंप्रेसर देतो ६८ लिटर. टाकीतला साठा ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत मिळणारी हवा २४ गुणिले ५, म्हणजे १२० लिटर. दर मिनिटाला १५७ लिटरची तूट. फार तर पाऊण मिनिट गन नीट चालणार आणि मग थांबून टाकी भरायची वाट बघायची. गेटचा एक गजही त्यात पुरा होत नाही.

खोक्यावर मात्र ४ सीएफएमच्या वरचा आकडा होता. तो दट्ट्याच्या मापावरून काढलेला, कागदावरचा. प्रत्यक्षात झडपांतून, उष्णतेतून, गळतीतून जाऊन हातात येते ती त्याच्या साठ-सत्तर टक्के. तिला एफएडी म्हणतात, फ्री एअर डिलिव्हरी. घेताना दुकानदाराला हाच आकडा विचारा, आणि कितव्या बारला तेही विचारा. एचपी आणि टाकीचे लिटर लोक आधी विचारतात, पण टाकी म्हणजे नुसता हंडा. नळाला करंगळीएवढी धार असेल तर हंडा मोठा केल्याने पाणी वाढत नाही, भरायला वेळ तेवढा जास्त लागतो.

तेव्हा नवा घेताना आधी तुमच्याकडचं सगळ्यात खादाड हत्यार कोणतं ते बघा. एअरब्रशला अर्धा सीएफएम पुरतो, दाब एक ते दोन बार. फ्रेम किंवा खेळणी करणाऱ्यांच्या छोट्या खिळ्यांच्या गनला दाब पाच-सहा बार लागतो, पण हवा एका खिळ्यापुरती, म्हणून २४ लिटर टाकी भरपूर. शिलाई मशीन, संगणक, मिक्सरच्या फटी साफ करायला ब्लोगन झटक्याझटक्याने वापरली तर चालते. सलग दाबून धरली तर २ मिलिमीटर तोंडाची गनसुद्धा ६ बारला ८ सीएफएमच्या आसपास ओढते. (अंगावरचे कपडे या हवेने कधी झटकू नका, मुलांना तर हात लावू देऊ नका. डोळ्याला, कानाला, जखमेला ही हवा फार वाईट.) छोट्या टचअपच्या गनला तीन-चार सीएफएम लागतात, त्यासाठी ५० लिटर टाकीचा २ एचपीवाला ठीक आहे. गाडी रंगवण्याची मोठी गन आणि हवेवरचा सँडर यांच्या मागे घरगुती माणसाने लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना लागणारा कंप्रेसर घरच्या जोडणीला आणि शेजाऱ्यांच्या कानाला झेपत नाही. सासऱ्यांना मी ब्रश आणि रोलर घ्यायला सांगितलं, दोन दिवसांत गेट रंगवून झालं.

फक्त गाडीच्या चाकात हवा भरायची असेल तर टाकीवाला कंप्रेसर नकोच. १२ व्होल्टचा हातात मावणारा इन्फ्लेटर पुरतो. कारच्या चाकाला ३०-३५ पीएसआय लागतात, त्यामुळे खोक्यावरच्या १५० पीएसआयला भुलू नका. बघायचं ते हे, की किती मिनिटं सलग चालतो. बरेचसे दहा मिनिटांनंतर तेवढीच विश्रांती मागतात. १२० वॅटचा इन्फ्लेटर १० अँपिअर ओढतो, गाडीच्या त्या सॉकेटचा फ्यूज तेवढाच असेल तर उडतो. फ्यूजचा आकडा आधी वाचा, इंजिन चालू ठेवून भरा, आणि कसारा घाट उतरून मुंबईला निघायचं असेल तर घरून निघतानाच, चाकं थंड असताना. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला मात्र हा देऊ नका. त्याला दाब कमी लागतो पण हवा प्रचंड लागते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी मोटरचा वेग बघावा. २८०० फेऱ्यांची थेट जोडलेली मोटर कानाला फार लागते, १४०० फेऱ्यांचे बिनतेलाचे "सायलेंट" कंप्रेसर बरेच सुसह्य असतात. रंगकामाला बिनतेलाचाच बरा, रंगात तेल उतरायची भीती नाही. रोज तासन्‌तास वापर असेल, आवाजाला हरकत नसेल, तर पट्ट्याचा तेलवाला वर्षानुवर्षं टिकतो. जुना घेत असाल तर आधी ड्रेन कॉक उघडायला लावा आणि काय पडतं ते बघा. दुधाळ पाणी म्हणजे तेल उतरतंय, तांबूस म्हणजे गंज. तळाला पापुद्रे सुटलेले दिसले तर कितीही स्वस्त असो, परत फिरा.

खरी हवा मोजायला घड्याळ पुरतं. टाकी पूर्ण रिकामी करा, ड्रेन कॉक बंद करा, चालू करा आणि ८ बारला किती सेकंद लागले ते बघा. टाकीचे लिटर गुणिले बार, भागिले मिनिटं, म्हणजे मिनिटाला मिळणारे लिटर. त्याला २८ ने भागलं की सीएफएम. पुतण्याच्या कंप्रेसरला २ मिनिटं ५० सेकंद लागली: १९२ भागिले २.८३, म्हणजे ६८ लिटर, २.४ सीएफएम. दुकानदार चालवून दाखवायला तयार असेल तर घेण्याआधीच ही मोजणी करा. पुढे दरवर्षी करा. वेळ वाढला तर आधी हवा आत घेणाऱ्या फिल्टरचा स्पंज झटका, मग सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. तरीही वेळ तोच राहिला तर हेडमधली पातळ झडप किंवा दट्ट्याची रिंग गेली आहे.

पुतण्याने टाकीच्या बाजूला मार्करने तारीख आणि २:५० लिहून ठेवलंय. त्याच्या वर, खटक्याशेजारी, त्याच्या आईने चिकटपट्टीवर लिहून लावलंय: "आधी इथे बंद, मग भिंतीवर."